गळ्याभोवतीचे टाके

मैत्रिणीच्या स्वेटरचं कारखान्यातून पहिलं सॅम्पल आलं तेव्हा आम्ही दोघींनी आधी टेप काढली. छाती, लांबी, बाही, खांद्याचा उतार, रिबची, म्हणजे कडेच्या ताणणाऱ्या पट्टीची, उंची. सगळी मापं कागदावर दिलेल्या मर्यादेच्या आत. सूत तेच, रंग जवळपास तोच, कुठे टाका गळलेला नाही. मग मैत्रिणीने ते डोक्यातून घालायला घेतलं आणि स्वेटर कपाळावर येऊन अडकला. आतून तिचा आवाज आला, "अगं, हे माझं नाहीये."

गळ्याचं मापही चुकलेलं नव्हतं. टेबलावर पसरून ठेवला की गळा अगदी बरोबर. पण ताणल्यावर तो किती व्हायला हवा, हे आम्ही कुठेच लिहिलं नव्हतं. लिहिलं नव्हतं, कारण तिला स्वतःलाच ते ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं गळ्याची पट्टी जोडायला घेतली की तिचा हात आपोआप सैल पडायचा. ते तिला कोणी शिकवलं नव्हतं आणि तिनेही कधी कोणाला सांगितलं नव्हतं. समुद्रापलीकडच्या कारखान्याने कागदावर होतं तेवढं सगळं केलं आणि कागदावर नव्हतं ते केलं नाही. कागद मी लिहिला होता.

मी काही वर्षं निटवेअरच्या सॅम्पलिंगमध्ये काम केलं आहे. म्हणजे डिझायनरच्या चित्रावरून यंत्राला कळेल असा कागद तयार करायचा, यंत्रातून जे येईल ते डिझायनरला पटवायचं आणि दोन्हीकडची बोलणी खायची. म्हणून तिने मला बोलावलं. तिचं लेबल लहान. वर्षाला चारेकशे स्वेटर, तिला धरून विणणाऱ्या चौघीजणी आणि दोन जुनी हातयंत्रं. यंत्रं दुबिए कंपनीची. स्वित्झर्लंडमधल्या कूवे नावाच्या गावात १८६७ साली सुरू झालेला तो कारखाना कधीच बंद पडला, पण त्याची यंत्रं मरत नाहीत. दोन बाजूंनी तिरक्या उभ्या सुयांच्या रांगा आणि त्यांच्यावरून हाताने इकडून तिकडे ओढायची कॅरेज. एकदा ओढली की एक ओळ. अमेरिकेतल्या आयझॅक लॅम्बने १८६३ साली ज्या सपाट यंत्राचं पेटंट घेतलं, त्याचंच हे कुळ. आजची संगणकावर चालणारी यंत्रंही त्याच कुळातली आहेत. फक्त कॅरेज ओढणारा खांदा गेला.

तर एका हंगामात दोन दुकानांनी मिळून तिला ११०० स्वेटरची ऑर्डर दिली. चौघींनी रात्रंदिवस कॅरेज ओढली असती तरी ते झालं नसतं. आनंद एक दिवस टिकला, दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला.

गळ्याचं प्रकरण झाल्यावर मी टेबल सोडलं आणि तिच्या यंत्राशेजारी स्टूल टाकून बसले. तीन आठवडे. ती विणायची, मी वहीत लिहायचे. पहिल्या दिवशी ती वैतागली. कुणी टक लावून बघत असलं की आपल्याला चालताही येत नाही, तसं झालं तिचं. हळूहळू विसरली. मग दिसायला लागलं. रिब सुरू करताना पहिल्या दोन ओळी ती घट्ट घेते, त्यामुळे कड ओघळत नाही. बाहीची घट घेताना अगदी कडेचा टाका कमी करत नाही, तीन टाके आत येऊन करते. म्हणून तिच्या बाहीच्या कडेने त्या बारीक तिरक्या खुणांची रांग दिसते आणि शिवण सरळ बसते. खांद्याच्या शिवणीत ती एक पातळ फीत घालते, खांदा लोंबू नये म्हणून. यातलं एकही तिने मला आधी सांगितलं नव्हतं. विचारल्यावर म्हणाली, "असंच करतात ना?"

असंच करत नाहीत. प्रत्येक कारखान्याचं 'असंच' वेगळं असतं.

वहीतल्या गोष्टींचे आकडे करायचे होते. काही सहज झाले. गेज १२, म्हणजे यंत्रावर इंचाला १२ सुया. सूत २/२८, म्हणजे दोन धागे एकत्र पिळलेले, त्यातला प्रत्येक सुटा धागा एका ग्रॅमला २८ मीटर भरणारा, पिळून झाल्यावर ग्रॅमला १४ मीटर. वीण किती घट्ट हवी याचं कारखान्यांत एक साधं, जवळजवळ गावठी म्हणावं असं माप आहे: शेजारशेजारचे दहा टाके दोन्ही अंगठ्यांत धरायचे, जोर लावून पूर्ण ताणायचे आणि पट्टीवर धरायचे. दहा टाके किती इंच भरले, तो आकडा. संगणकाने चालणाऱ्या यंत्रासमोर उभा राहून तंत्रज्ञ अजून हेच करतो. मला हे फार आवडतं. तिने केलं तेव्हा तिचा आकडा प्रत्येक वेळी तोच आला, आणि मी केलं तेव्हा दर वेळी वेगळा.

धुण्याचं सगळ्यात अवघड गेलं. गिरणीतून आलेल्या लोकरीच्या सुताला कताईचं तेल असतं. यंत्रावरून उतरलेला तुकडा कडक आणि मलूल दिसतो, हाताला पुठ्ठ्यासारखा लागतो. पाण्यातून निघाला की तेल जातं, तंतू मोकळे होतात, वीण फुलते आणि मापंही बदलतात. म्हणजे प्रत्येक स्वेटरची दोन मापं असतात, एक यंत्राचं आणि एक धुतल्यानंतरचं, आणि त्यांच्यामध्ये एक टबभर पाणी असतं. ती कोमट पाण्यात हाताने धुवायची. किती कोमट? "हाताला बरं वाटेल इतकं." किती वेळ? "होईपर्यंत." आम्ही थर्मामीटर लावला, घड्याळ लावलं. कारखान्यात मोठा फिरता ड्रम होता. त्यांना तापमान, मिनिटं, किती किलो कपड्याला किती सॉफ्टनर, असं लागत होतं. दोन मिनिटं जास्त फिरला की तोच स्वेटर फेल्टकडे, म्हणजे घट्ट दाबलेल्या नमद्याकडे, झुकतो, दोन मिनिटं कमी की कोरडाच राहतो. पाच वेळा तुकडे आले, पाच वेळा तिने डोळे मिटून अंगठ्याने चाचपले आणि मान हलवली. सहाव्यांदा मान हलली नाही, एवढंच. त्याला मंजुरी समजायचं.

स्पर्शाचा आकडा करायचा प्रयत्न जगात झालेला नाही असं नाही. क्योतो विद्यापीठातले सुएओ कावाबाता यांनी १९७० च्या दशकात त्यासाठी अख्खी यंत्रणा उभी केली. कापड किती वाकतं, किती दाबलं जातं, पृष्ठभाग किती खरखरीत आहे, हे सगळं बारीक बलांवर मोजायचं आणि त्यातून 'हात' कसा लागतो ते काढायचं. मात्र सुरुवात त्यांनाही अनुभवी तज्ज्ञांच्या हातांपासूनच करावी लागली. आधी त्या माणसांनी चाचपून गुण दिले, मग यंत्राचे आकडे त्यांच्याशी जुळवले. आमच्याकडे यंत्रणा नव्हती. तिचा अंगठा होता, आणि मंजूर झालेल्या तुकड्याचे दोन भाग करून एक आम्ही ठेवला, एक कारखान्याला पाठवला.

कारखाना शोधताना पहिला धडा आपल्या आकाराचा मिळतो. चारशे स्वेटर विणणाऱ्या बाईला अकराशे म्हणजे डोंगर, आणि मोठ्या कारखान्याला अकराशे म्हणजे दोन मोठ्या ऑर्डरींमधली फट. ज्या गावांची नावं या धंद्यात सगळ्यांच्या तोंडी असतात त्यांची यादी आम्हीही केली. लोकरीच्या स्वेटरसाठी चीनमधल्या दोंगग्वानजवळचं दालांग, अल्पाकासाठी पेरूमधलं आरेकिपा, जुन्या घराण्यांसाठी स्कॉटलंडमधलं हॉइक. बहुतेकांची उत्तरं अतिशय नम्र आली, काहींची आलीच नाहीत. जो कारखाना शेवटी मिळाला तो मध्यम आकाराचा होता. त्याने एका डिझाइनच्या एका रंगाला किमान ३०० नग मागितले. आम्ही दोन डिझाइनं आणि दोनच रंग ठेवले, त्यांनी ३०० चे २७५ केले, आणि हिशेब ११०० वर बसला. दोन्ही डिझाइनांना तेच दोन रंग घेण्यामागे सौंदर्यदृष्टी वगैरे काही नव्हती. स्वेटरला वाया जाणारं धरून एकतृतीयांश किलोच्या आसपास सूत लागतं. रंग वाटून घेतले तर एका रंगाला १८० किलोच्या घरात सूत जातं, आणि तेवढ्यावर गिरणी आपल्यासाठी वेगळा रंग रंगवायला निदान ऐकून तरी घेते. नाहीतर शेड कार्डावर तयार असेल त्यातून उचलायचं. दुकानातल्या शेल्फावर ज्या संयमित रंगसंगतीचं कौतुक होतं, ती पुष्कळदा अशी किलोवर ठरलेली असते.

मग भाव. विणलेल्या कपड्याचा भाव मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतो: सुताचं वजन आणि मिनिटं. यंत्रावरची मिनिटं, जोडणीची मिनिटं. दुसऱ्या डिझाइनवर सगळीकडे वेणीची वीण होती. वेणी घालताना टाके एकमेकांवरून पलीकडच्या सुयांवर न्यावे लागतात आणि त्या वेळी कॅरेज जवळजवळ थांबते. साध्या स्वेटरला जेवढा वेळ लागतो त्याच्या पाऊणपट वेळ वरून लागत होता. मी म्हटलं, पाठीवरच्या आणि बाह्यांवरच्या वेण्या काढू. पाठीकडे कोण बघतं?

"मी बघते," ती म्हणाली.

दोन दिवस आम्ही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तिने नवीन चित्र पाठवलं. बाह्या साध्या, पुढे तीन वेण्या आणि पाठीवर मधोमध एकच, मानेपासून खाली उतरणारी. खरं सांगायचं तर ते आधीच्यापेक्षा चांगलं दिसत होतं. पण हे तिला अजून सांगितलेलं नाही.

एका बाबतीत मात्र ती जराही हलली नाही, आणि तिथे मी तिच्या बाजूला होते. विणलेलं वस्त्र दोन प्रकारे तयार होतं. एक तर कापडाचा मोठा तुकडा विणायचा, कात्रीने आकार कापायचे आणि कडा ओव्हरलॉक करून शिवायचे. स्वस्त आणि झटपट. किंवा प्रत्येक तुकडा यंत्रावरच टाके वाढवत-घटवत आकारात विणायचा आणि मग टाक्याला टाका लावून जोडायचा. याला फुली-फॅशन्ड म्हणतात, आणि तिला हेच हवं होतं. कापलेल्या विणीचा प्रत्येक टाका कडेला मोकळा असतो, त्याला शिवणीनेच जखडून ठेवायचं.

हे भांडण आजचं नाही. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमशरच्या विल्यम ली याने १५८९ साली मोजे विणायची चौकट, म्हणजे विणकामाचं यंत्र, बनवली. राणी एलिझाबेथने तिला पेटंट दिलं नाही, हातांनी विणणाऱ्यांच्या पोटाचा विचार करून, असं सांगतात. दोनशे वर्षांत त्याच चौकटीवर पोट भरणारे हजारो विणकर त्या भागात झाले. १८११ मध्ये लडाइट म्हणून जे चौकटी फोडायला निघाले ते यंत्राचे वैरी होते असं आपण सर्रास म्हणतो. ते तर स्वतःच यंत्रावर काम करणारे लोक होते. त्यांच्या मोठ्या तक्रारींपैकी एक होती 'कट-अप' मोज्यांबद्दल. रुंद चौकटीवर सलग कापड विणून, कापून, शिवून केलेले मोजे, जे थोड्या दिवसांत शिवणीवर उसवायचे आणि अख्ख्या धंद्याचं नाव आणि मजुरी खाली आणायचे. १८१२ मध्ये चौकट फोडण्याला फाशीची शिक्षा ठरवणारा कायदा आला. कवी बायरनने उमरावांच्या सभागृहातलं आपलं पहिलं भाषण त्याविरुद्ध केलं. म्हणजे फुली-फॅशन्ड की कट-अप, या प्रश्नावर माणसं फासापर्यंत गेलेली आहेत. आम्ही फक्त दोन दिवस अबोला धरला, आणि तोही वेण्यांवरून.

आता तर शिवणच नसलेला स्वेटर निघतो. जपानमधल्या वाकायामाच्या शिमा सेइकी कंपनीने १९९५ साली मिलानच्या यंत्रप्रदर्शनात ते यंत्र दाखवलं. आत सूत जातं, बाहेर बाह्या लागलेला आख्खा स्वेटर येतो. आम्ही विचारून पाहिलं. आमच्या डिझाइनचा प्रोग्रॅम लिहिणं आणि यंत्राचा वेळ, दोन्ही आमच्या नगांना परवडत नव्हतं. त्यामुळे लिंकिंग, म्हणजे तुकडे टाक्याला टाका लावून जोडणं, आलं, आणि लिंकिंगमुळे मला जे दिसलं ते दिसलं.

मी उत्पादनाच्या मध्यावर कारखान्यात गेले. विणकामाचं दालन माझ्या ओळखीचं होतं. ओळीने यंत्रं, सुयांची एकसारखी सळसळ, दहा यंत्रांमागे एक माणूस फिरतोय. तिथून कारखान्याची मर्चंडायझर, म्हणजे आमची ऑर्डर सांभाळणारी बाई, मला वरच्या मजल्यावर घेऊन गेली आणि तिथे आवाज संपला. पन्नासेक बायका गोल थाळ्यांपुढे बसलेल्या. थाळीच्या कडेला बारीक काटे उभे असतात. स्वेटरच्या तुकड्याचा एकेक टाका त्या एकेका काट्यावर चढवायचा, त्याच्यावर दुसऱ्या तुकड्याचा तोच टाका. थाळी सावकाश फिरते, सुई साखळीचा टाका घालत जाते. एक टाका चुकला तर तो तिथून खाली धावत सुटतो. म्हणून तुकड्याच्या शेवटी दुसऱ्याच रंगाच्या टाकाऊ सुताच्या काही ओळी विणलेल्या असतात, टाके उघडे पण जागेवर राहावेत म्हणून. जोडून झालं की ते सूत ओढून टाकायचं. बारा गेजच्या एका गळ्याभोवती अडीचशेच्या आसपास टाके असतात. त्या बायका बोटांच्या टोकांनी ते काट्यांवर असे टाकत जात होत्या, की काही वेळ मला वाटलं त्या चाचपतच आहेत, बघत नाहीयेत.

इतके महिने मी आणि मैत्रीण जे बोलत होतो त्यात एक वाक्य सारखं यायचं: आता आपलं काम हातांकडून यंत्राकडे चाललंय. तिला त्याचं वाईट वाटायचं, मी समजूत घालायचे. वरच्या मजल्यावर उभं राहिल्यावर ते वाक्यच चुकीचं निघालं. काम चार ओळखीच्या बायकांच्या हातांतून पन्नास अनोळखी बायकांच्या हातांत गेलं होतं. मधे यंत्र होतं खरं, पण गळा शेवटी कुणीतरी डोळ्यांनी टाका टाका वेचूनच लावत होतं. मी लिहिलेली 'गळा ताणल्यावर किमान इतका' ही ओळ यांच्यासाठी होती, आणि ती लिहिताना डोळ्यांसमोर एक यंत्र होतं.

खिडकीजवळच्या टेबलांवर आमचा हिरवा होता.

या हिरव्याची गोष्ट सांगायला हवी. दोन रंगांपैकी एक गर्द हिरवा. गिरणी आधी सुताच्या छोट्या लडीवर रंगाचा नमुना करून पाठवते, त्याला लॅब डिप म्हणतात. पहिला नमुना दिवसाउजेडात सुंदर होता आणि दुकानातल्या दिव्यांखाली तपकिरी पडत होता. रंगद्रव्यं वेगवेगळ्या मिश्रणाने घेतली की असं होतं: एका प्रकाशात जुळतात, दुसऱ्यात फारकत घेतात. ती म्हणाली, परत करू. परत केला. तोही नाही. तिसरा आला तेव्हा ती बाहेर होती, नंतर तिने तो रात्री घरच्या दिव्याखाली बघितला आणि नाकारला, आणि मग सकाळी खिडकीत बघितला तर तोच हवा होता. या सगळ्यात १९ दिवस गेले. आम्हाला अभिमान होता त्या १९ दिवसांचा. 'रंगाशी तडजोड केली नाही' असं आम्ही एकमेकींना म्हणालो होतो. जहाजाची तारीख मात्र तीच राहिली.

ते १९ दिवस कुठे गेले ते मला त्या खिडकीजवळ दिसलं. गिरणीने रंगाईत दोन-तीन दिवस वाचवले. विणकामाने आणखी काही. यंत्रं रात्रभर चालवता येतात, त्यांना त्याचं काही नसतं. पण लिंकिंगची थाळी बसलेल्या बाईच्या वेगानेच फिरते, आणि लिंकिंग येणाऱ्या बायका वाढवता येत नाहीत. शिकायला महिने लागतात, नव्या मुली त्यात यायला फार राजी नसतात, असं मर्चंडायझरच म्हणाली. त्यामुळे उशिराचा सगळा भार वरून गळत गळत या टेबलांवर येऊन थांबला होता. हिरवा माल दुसऱ्या पाळीला लावला होता. म्हणजे रात्री. आणि गर्द रंगात टाका दिसत नाही. काळा, नेव्ही, गर्द हिरवा, हे रंग जोडणं या कामात सगळ्यांना नकोसं असतं. एका वयस्क बाईने आमचा तुकडा उचलून ट्यूबलाइटसमोर धरला, डोळे बारीक केले आणि परत थाळीवर ठेवला. ती माझ्याकडे बघतही नव्हती. मी कोण हे तिला माहीत असायचं कारण नव्हतं.

मी मर्चंडायझरला विचारलं, ओव्हरटाइम मिळतो ना? मिळतो, ती म्हणाली. तो खरंच मिळत होता, नोंदी मी पाहिल्या. इमारत चांगली होती, जिने मोकळे होते, कागदपत्रं नीट होती. कारखाना निवडताना आम्ही हेच सगळं तपासलं होतं. २०१३ च्या २४ एप्रिलला ढाक्याजवळच्या सावरमध्ये राणा प्लाझाची आठ मजली इमारत कोसळून ११३४ माणसं गेली, त्यानंतर ज्यांनी या धंद्यात पाऊल टाकलं त्यांना हे तपासल्याशिवाय झोप येऊ नये. तिथे आदल्या दिवशी भिंतींना भेगा दिसल्या होत्या, तरी दुसऱ्या दिवशी कामगारांना आत बोलावलं गेलं. कोणाकोणाचा माल तिथे शिवला जात होता, ते शोधायला कार्यकर्त्यांना ढिगाऱ्यातून लेबलं उपसावी लागली. आमच्या इथे भेगा नव्हत्या. पण माल वेळेत गेला पाहिजे, हे जे खालच्या मजल्यांवर सरकत जाणारं वजन असतं, त्याचा एक छोटा तुकडा आमचाही होता, आणि तो माझ्या तपासणीच्या यादीत कुठेच नव्हता. यादीत सगळे प्रश्न कारखान्याला होते. 'तुम्ही रंग कधी नक्की करणार' असा आम्हाला विचारलेला प्रश्न नव्हता.

संध्याकाळी मी तिला फोन केला. हिरव्याचं सांगितलं. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "मी तो दिवा बदलायला हवा होता गं आधीच."

पुढचं भराभर झालं. तपासणीला तिसऱ्या पक्षाचा माणूस आला. ११०० नगांच्या मालातून तक्त्याप्रमाणे ८० काढायचे, मोठे दोष पाचपर्यंत निघाले तर माल पास, सहावा निघाला तर नापास. हे तक्ते दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या खरेदीसाठी आखलेल्या पद्धतींतून आले आहेत आणि आजही स्वेटरपासून स्क्रूपर्यंत सगळ्यांना लागू होतात. आमचे तीन निघाले. मला हायसं वाटलं. तिला नाही. आपल्या चारशेंतला प्रत्येक स्वेटर स्वतःच्या हाताखालून घालवणाऱ्या बाईला 'तीन चालतात' हे कळायला जड जातं, आणि तिला ते अजूनही कळलेलं नाही. अहवाल तिने वाचला आणि विचारलं, "उरलेल्या १०२० चं काय?"

माल एफओबी होता. म्हणजे बंदरात जहाजावर चढेपर्यंत जोखीम त्यांची, पुढे आपली. आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाने १९३६ साली पहिल्यांदा ठरवून दिलेल्या या तीन-तीन अक्षरांच्या संज्ञा नीट न वाचता सही करणारे लोक मी पाहिले आहेत, म्हणून एवढं लिहिलं. बाकी विमा, कस्टमचा ६११० चा कोड, खोक्यांतल्या आर्द्रता शोषणाऱ्या पुड्या, यात लिहिण्यासारखं काही नाही. लोकर पुष्कळ ओलावा पोटात घेऊनही कोरडी वाटत राहते, त्यामुळे पुड्यांवर कंजुषी करू नये, इतकंच.

माल आला, विकला गेला. गळे डोक्यातून जात होते.

तिच्याकडच्या तिघींचं काय झालं, हे मला लोक विचारतात, आणि याचं एक उत्तर नाही. सगळ्यात मोठ्या, ज्यांना आम्ही ताई म्हणायचो, त्या आता सॅम्पल विणतात. कारखान्याला जो पहिला तुकडा जातो तो त्यांच्या हातचा. कारखान्यातून येणारं प्रत्येक सॅम्पलही आधी त्याच बघतात आणि माझ्या टेपला जे सापडत नाही ते त्यांना सापडतं. दुसरीने स्वतःचं यंत्र घेतलं आणि दुरुस्तीचं काम करते. तिसरी गेली. तिला नुसतं बघण्याचं काम नको होतं. जाताना म्हणाली, "मला कॅरेजचा आवाज लागतो." तिच्यासाठी आम्ही काही वेगळं करू शकलो असतो का, यावर आमचं एकमत नाही. मैत्रिणीला वाटतं, हो.

लेबलवरच्या शब्दांवरूनही वाद झाला. आधी तिथे 'हाताने विणलेलं' असं होतं. ते काढायलाच हवं होतं. काय घालायचं यावर तिने आठवडा घालवला आणि शेवटी 'यंत्रावर विणलेलं, हातांनी जोडलेलं' असं छापलं. दुकानदारांना ते आवडलं नाही. ग्राहक गोंधळतील, असं त्यांचं म्हणणं. ग्राहकांपैकी एकीने फक्त मेल करून विचारलं की जोडलेलं म्हणजे काय, आणि मैत्रिणीने तिला दीड पानी उत्तर लिहिलं, थाळी, काटे, टाकाऊ सूत, सगळं. मी वाचलं. बहुतेक सगळं बरोबर होतं.

यंदाच्या हिवाळ्याचं वेळापत्रक आम्ही गेल्या महिन्यात कारखान्याला पाठवलं. रंग नक्की करायची तारीख मागच्यापेक्षा सहा आठवडे अलीकडे आणली आहे. ती चुकली तर जहाजाची तारीखही तितकीच पुढे जाईल, अशी ओळ तिने स्वतः घातली. गर्द रंग एकच, आणि तो दिवसपाळीतच जोडायचा, हेही लिहिलं. दुकानांना तसं आधीच कळवलं. त्यातल्या एकाने ऑर्डर निम्मी केली.

मर्चंडायझरचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. रंगाच्या तारखेभोवती तिने लाल चौकट काढली होती आणि शेजारी एकच ओळ लिहिली होती: ही तारीख चुकून पडली आहे का?